बाबा मे महिन्यात येतायत आणि प्लॉटवर काट्यांचं रान

पत्र थोडक्यात: लेखिका इंग्लंडमधल्या एका शहरात राहतात. नोकरी, दोन शाळकरी मुलं, नवऱ्याची आयटीतली धावपळ. माहेर मराठवाड्यातलं, शेतकऱ्याचं. कौन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) यादीत चार वर्षं नाव लावून ठेवल्यावर सप्टेंबरअखेर त्यांना अलॉटमेंट, म्हणजे भाजी-फळं पिकवायला मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळाली, पूर्ण दहा रॉडचा प्लॉट. आधीच्या माणसाने दोन-तीन वर्षं तिथे पाऊल टाकलं नसावं. खांद्याएवढी ब्रॅम्बलची (काटेरी रानटी ब्लॅकबेरीची) जाळी, गुडघाभर गवत, मोडकी शेड आणि आत कुठेतरी सफरचंदाचं एक झाड. वसंतात पाहणी होईल असं कौन्सिलने कळवलंय. शेजारचे प्लॉट आरशासारखे लख्ख. मे महिन्यात बाबा पहिल्यांदाच दोन महिन्यांसाठी येणार आहेत. गावची जमीन दोन वर्षांपूर्वी विकावी लागली, तेव्हापासून ते फारसं बोलत नाहीत. त्यांना हिरवागार प्लॉट दाखवायचा आहे: मेथी, वांगी, अंबाडी, शेवगा, सगळं. एक जण रोटाव्हेटर घेऊन दोन दिवसांत सगळं उलथून द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, परत करून टाक. त्या लिहितात, "शेतकऱ्याची मुलगी असून मला एवढंसं रान साफ करता येत नाही याची लाज वाटते. उलथून घेऊ, की परत करू?"

प्रिय मैत्रिणी,

उलथूनही घेऊ नका आणि परतही करू नका. निदान या हिवाळ्यात तरी नाही.

आधी त्या लाजेबद्दल बोलू. दहा रॉड म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर, आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. गावाकडे अडीच गुंठ्यांना कुणी शेत म्हणत नाही, म्हणून तुम्हाला ते 'एवढंसं' वाटतंय. पण बाबांकडे बैलं किंवा ट्रॅक्टर होता, वेळेला मजूर होते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस होता. वर मराठवाड्याचं ऊन. तिथे उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या रानातलं तण मुळासकट वाळून जातं. इंग्लंडची माती ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ओली असते, तिच्यात उपटलेली मुळी वाळत नाही, पुन्हा धरते. तुमच्याकडे शनिवारचे तीन तास आणि एक फावडं. या कामाची बाबांच्या कामाशी बरोबरीच होत नाही, मग कमीपणा कसला? तुमच्या जागी बाबा असते तर त्यांनाही हे रान नव्याने शिकावं लागलं असतं.

आता रोटाव्हेटर. तुमच्या गवतात बहुधा काउच ग्रास असणार. फावड्याने एक ढेकूळ उचलून फोडून बघा. पांढऱ्या, कडक, टोकदार मुळ्या आडव्या पळताना दिसल्या की तेच. आपली हरळी ज्या चालीने पसरते तीच याची चाल. त्यासोबत बाइंडवीड (वेलीसारखं गुंडाळत चढणारं तण) असेल तर खोल गेलेल्या, सहज तुटणाऱ्या पांढऱ्या मुळ्या सापडतील. रोटाव्हेटरची पाती या मुळ्यांचे बोटभर तुकडे करून सगळीकडे सारखे पसरवतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा फुटतो. रक्तबीजाची गोष्ट आठवा. दोन दिवस प्लॉट तपकिरी, भुसभुशीत, सुंदर दिसेल. एप्रिलअखेर तिथे आधीपेक्षा दाट हिरवळ असेल आणि नेमके तेव्हाच बाबा यायचे असतील. त्या माणसाला बोलवायचंच असेल तर ब्रशकटरने जाळी आणि गवत वरच्यावर कापून देण्यासाठी बोलवा. ते पैसे सार्थकी लागतील. माती मात्र उलथू देऊ नका.

तणनाशकाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण इतर वाचक विचारतात म्हणून सांगते. ग्लायफोसेट हिरव्या, वाढत्या पानावरच लागू पडतं, वाळलेल्या काड्यांवर नाही. आणि काही ठिकाणी ते वापरायलाच बंदी असते. करारनामा वाचल्याशिवाय बाटली विकत घेऊ नका. मी स्वतः या वाटेला जात नाही, कारण झाकून तेच काम होतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लॉट आपल्या ताब्यात आला म्हणजे तो सगळाच्या सगळा आपल्याला साफ करायचा आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. सगळा प्लॉट फक्त *थांबवायचा* आहे, आणि एक कोपरा *पिकवायचा* आहे. चार भागांपैकी एक भाग या वर्षी, बाकीचे तीन काळ्या आच्छादनाखाली. जाड काळं प्लॅस्टिक किंवा वीड मेंब्रेन कापलेल्या गवतावर अंथरा, कडा विटांनी नाहीतर लाकडांनी दाबा आणि विसरून जा. उजेड मिळाला नाही की काउच ग्रास साधारण वर्षभरात थकतं. बाइंडवीडला जास्त वेळ लागतो, पण तेही क्षीण होतं. जुना गालिचा अंथरण्याचा मोह होईल. बऱ्याच साइटवर त्याला मनाई आहे, कारण त्यातला कृत्रिम धागा आणि रंग मातीत उतरतात.

पाहणीची भीती मला समजते. करारनामे गावोगाव वेगळे असतात. पहिल्या वर्षी किती भाग लागवडीखाली हवा हे काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नाही. म्हणून अंदाज बांधत बसू नका, याच आठवड्यात एक साधा मेल करा: प्लॉट ज्या अवस्थेत मिळाला त्याचे फोटो जोडा, या हिवाळ्यात काय करणार ते दोन ओळींत लिहा, आणि 'झाकलेला भाग लागवडीची तयारी म्हणून धरला जाईल का?' एवढं विचारा. पाहणीला येणाऱ्याला काम सुरू झालेलं दिसतंय का हे बघायचं असतं. प्लॉट सोडून दिलेला माणूस आणि हळूहळू पुढे सरकणारा माणूस यांतला फरक त्याला कळतो. तुमचा मेल फाइलला असला की तो आणखी लवकर कळतो.

शेजारच्या लख्ख प्लॉटबद्दल एवढंच सांगते. १९०८च्या कायद्याने मागणी असेल तिथे अशा जमिनी पुरवायचं बंधन कौन्सिलवर घातलं, आणि १९२२च्या कायद्याने अलॉटमेंट म्हणजे काय ते ठरवलं: मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायची जागा. त्यात शोभेचा उल्लेख नाही. दुसऱ्या महायुद्धात घरातल्या जेवणाला हातभार म्हणून लोकांनी याच जमिनी कसल्या. तो लख्ख प्लॉटवाला बहुधा निवृत्त गृहस्थ असेल आणि रोज येत असेल. त्याच्याशी स्वतःची तुलना करू नका, त्याला प्रश्न विचारा. इथे फ्रॉस्ट (गोठलेलं दंव) कधीपर्यंत पडतो, पाणी कुठे साचतं, कबुतरं काय खातात, हे त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. या माणसांना विचारलेलं आवडतं, हा माझा अनुभव आहे.

आता ब्रॅम्बल. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतलंच. मार्च ते ऑगस्टमध्ये जाळीत पक्षी घरटी करतात, आणि वापरातलं घरटं मोडणं इथे १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. जाड चामड्याचे हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. फांद्या लॉपरने (लांब दांड्याच्या कात्रीने) वरून खाली तुकड्यातुकड्यांनी कापत या, पण बुंधा जमिनीलगत कापू नका. फूटभर ठेवा, तीच तुमची मूठ. तिच्या बुडाशी मातीत एक गाठ असते, मुठीएवढी, तांबूस, तिच्यातून सगळीकडे मुळं गेलेली. फावडं तिरकं घालून ती गाठ सैल करा आणि मूठ धरून ओढा. गाठ निघाली की काम झालं, खोल गेलेल्या मुळ्यांचा शेवट शोधत बसायची गरज नाही. लांब फांद्यांची टोकं मात्र बघा. जिथे टोक जमिनीला टेकतं तिथे ते मूळ धरतं आणि नवं झुडूप उभं राहतं, असे टेकलेले शेंडे आधी उपटा. हे करताना एखादा रॉबिन पक्षी अगदी फावड्याच्या पात्याजवळ येऊन बसेल. उकरलेल्या मातीतले किडे तो टिपत असतो, तुमचा कंटाळा घालवायला त्याची मदत होते. कापलेल्या काट्यांचा ढीग जाळायचा असेल तर आधी साइटचा नियम विचारा, आणि पेटवण्याआधी तो ढीग दुसरीकडे रचा. थंडीत तळाशी हेजहॉग (अंगावर काटे असलेले छोटे प्राणी) झोपलेले असतात.

एका बाजूची जाळी ठेवायला हरकत नाही. ऑगस्टमध्ये मुलांना वाटीभर ब्लॅकबेरी मिळतील.

शेडचं छप्पर करड्या नालीदार सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला हात लावू नका, फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. कौन्सिलला कळवा.

या रानात आधीच्या माणसाचं बरंच काही दडलेलं असेल. म्हणून सरसकट खणण्याच्या मी विरोधात आहे. ओळीत उभ्या काड्या दिसल्या तर रास्पबेरी. पानं गळालेल्या झुडुपाची कळी चुरगळल्यावर उग्र वास आला तर ब्लॅककरंट. मार्चमध्ये जमिनीतून लालसर, सुरकुतलेली गड्डी वर आली तर रुबार्ब (त्याचे फक्त देठ खातात, पानं विषारी असतात). रास्पबेरी उन्हाळी आहे की शरदातली हे ठाऊक नसेल तर एक वर्ष कापू नका, फळ कधी येतं ते बघा. सफरचंदाचं झाड वाढून गुंता झालेलं असेल. या हिवाळ्यात फक्त वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, एकूण पाव भागापेक्षा जास्त नाही. एकदम छाटलं तर फळ राहतं बाजूला आणि सरळसोट फुटव्यांचं जंगल होतं. नवी फळझाडं मात्र यंदा लावू नका. बाइंडवीड असलेल्या जागेत लावलेल्या झाडाच्या मुळांतून ते पुढे कधीच काढता येत नाही.

पिकवायच्या पाव भागात सुरुवातीला दोनच वाफे करा, सव्वा मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो. तीन-साडेतीन मीटर लांब पुरे. गवत कापून त्यावर चिकटपट्टी काढलेले पुठ्ठ्याचे तपकिरी खोके दुहेरी अंथरा, कडा एकमेकींवर नीट चढवा, भिजवा, आणि वर चार-पाच इंच कंपोस्ट टाका. एका वाफ्याला सुमारे अर्धा घनमीटर कंपोस्ट लागतं. खर्चाचा मोठा भाग हाच. घोड्याचं शेणखत फुकट मिळालं तर सावध राहा. गवतावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश त्यात उतरतो आणि टोमॅटो, बटाटे, शेंगवर्गीय पिकं वाकडी होतात. कुंडीत त्या खतात ब्रॉड बीनचे (इथल्या एका शेंगभाजीचे) चार दाणे पेरून बघा, नवी पानं आखडली तर ते खत घेऊ नका.

या वाफ्यांत लगेच दोन गोष्टी लावता येतात. लसूण: पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वीतभर अंतराने. थंडी मिळाल्याशिवाय गड्ड्याला नीट पाकळ्या पडत नाहीत, म्हणून तो आत्ताच हवा. आणि ब्रॉड बीन: 'ॲक्वाडल्स क्लॉडिया' ही जात नोव्हेंबरात पेरली तर थंडी सोसते आणि जूनमध्ये शेंगा देते. मार्चमध्ये आणखी दोन वाफे करा आणि लवकर येणारा बटाटा लावा. तोही जूनच्या शेवटी निघतो.

'जून' हा शब्द परत परत येतोय तो मुद्दाम. तुम्ही मे महिन्याची मुदत घालून घेतली आहे, पण इंग्लंडमध्ये एप्रिल-मे हा भाजीचा भुकेचा काळ असतो. हिवाळ्यातलं संपलेलं, उन्हाळ्यातलं अजून आलेलं नसतं. वीस वर्षं कसलेला प्लॉटही तेव्हा अर्धा उघडा असतो. बऱ्याच भागांत मेच्या मध्यापर्यंत फ्रॉस्टची भीती असते, त्यामुळे भोपळा, फ्रेंच बीन, टोमॅटो बाहेर लावता येत नाहीत. म्हणजे तुम्ही रात्रीचा दिवस केलात तरी मेच्या पहिल्या आठवड्यात हिरवागार प्लॉट दाखवता येणार नाही. यात तुमच्याकडून काही कमी पडतंय असं मुळीच नाही. इथला ऋतूच तसा आहे.

आणि मला मनापासून विचारावंसं वाटतं, बाबांना तयार प्लॉट बघायला आवडेल असं तुम्हाला का वाटलं? ज्या माणसाची जमीन गेली, त्याला दुसऱ्याची बहरलेली बाग दाखवल्यावर तो 'छान आहे' म्हणेल आणि बाकावर बसेल. त्याच माणसाला तुम्ही म्हणालात, "बाबा, या वाफ्यात ओळी कशा पाडू?" तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गेलेल्या जमिनीची भरपाई अडीच गुंठ्यांनी होत नाही आणि ती करण्याचं ओझं तुमच्यावर नाहीही. पण दोन महिने रोज जायला जागा, मातीत घालायला हात आणि ज्यावर आपलं मत विचारलं जातं असं काम, एवढं तुम्ही नक्की देऊ शकता. त्यांच्यासाठी एक झाकलेला वाफा राखून ठेवा. प्लॅस्टिक ते स्वतः काढतील.

तुमच्या यादीचं स्पष्ट सांगते. शेवगा इथे उघड्यावर जगत नाही, हिवाळ्यात मरतो. वांगी, भेंडी, कारली, अंबाडी यांना ऊब लागते. काचघर किंवा पॉलिटनल (प्लॅस्टिकचा बोगदा) असेल तरच त्यांच्या नादी लागा, पहिल्या वर्षी नकोच. मेथी मात्र छान येते. एप्रिलच्या मध्यापासून फ्लीसखाली (पिकावर अंथरायच्या हलक्या कापडाखाली), मेनंतर उघड्यावर, दर दोन-तीन आठवड्यांनी एक ओळ. कोथिंबीर लांब दिवसांत लवकर फुलावर येते, ती थोडी थोडी पेरा, आणि मुख्य पेरणी ऑगस्टमध्ये ठेवा. पांढरा मुळाही जुलैनंतरच. माठ जूनमध्ये पेरलात तर येतो. लाल भोपळ्याचं रोप जूनच्या सुरुवातीला काळ्या प्लॅस्टिकला चीर देऊन तिथेच लावा. झाकलेल्या जागेतून एक पीक निघेल.

एक भाजी तर तुम्ही न पेरताच उगवेल. मे-जूनमध्ये हलवलेल्या मातीत एक रोप हमखास येतं. इंग्रज शेजारी त्याला 'फॅट हेन' म्हणतात आणि उपटून फेकतात. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी लव असते, बोट फिरवलं की ती बोटाला लागते. तो आपला चाकवत आहे, तीच जात. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि उजेड मिळाला की उठतं. पहिल्यांदा खाण्याआधी ओळखणाऱ्या माणसाला दाखवून खात्री करा. बाबा ओळखतीलच. ताक आणि बेसन लावून त्याची पातळ भाजी करा. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर पीक आलं नाही असं कुणी म्हणणार नाही.

यजमानांबद्दल. 'परत कर' म्हणणारा माणूस नेहमीच विरोधात असतो असं नाही. अनेकदा त्याला आपले शनिवार-रविवार जातील आणि बायको थकून घरी येईल याची काळजी असते. त्यांना बागकामात ओढू नका. एक ठरावीक, संपणारं काम सांगा: दुकानांमागचे मोठे खोके गाडीतून आणून टाकणं, किंवा कंपोस्टची पोती उतरवणं. आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. पहिल्या वर्षी भाजी बाजारापेक्षा स्वस्त पडणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

परत करण्याचा पर्याय मी उडवून लावत नाही. पूर्ण प्लॉटला उन्हाळ्यात आठवड्याला सात-आठ तास सहज लागतात. पुढच्या सप्टेंबरात, एक अख्खा हंगाम बघून झाल्यावर, तुमच्याकडे आठवड्याला तीनच तास निघतात असं लक्षात आलं तर अर्धा प्लॉट परत देण्याची तयारी दाखवा. बऱ्याच कौन्सिल आनंदाने अर्धे प्लॉट करतात, कारण यादीत तुमच्यासारखेच लोक वाट बघत असतात. ज्या वाचकांचं नाव अजून यादीत आहे, त्यांनी सुरुवातीलाच अर्धा मागावा असं माझं मत आहे. सव्वा गुंठा चौघांच्या घराला पुष्कळ होतो.

बाबांचं तिकीट अजून काढलं नसेल तर मेच्या सुरुवातीऐवजी जूनच्या पहिल्या आठवड्याचं बघा. ब्रॉड बीन, लसूण, बटाटा, चाकवत, मेथी हे सगळं त्यांच्या मुक्कामात बसेल. आणि त्यांना फोनवर आधीच बजावा की पिशवीत बियाण्याच्या पुड्या घालू नका. पेरणीचं बियाणं भारतातून आणायला बहुतेक वेळा वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं आणि विमानतळावर ते काढून घेतात. मेथीचे दाणे तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातले चालतील, रात्रभर भिजवून पेरा.